माणसांचा व्यापार आणि जबाबदारीचा प्रश्न

मनुष्यव्यापाराविरुद्धचे राज्याचे कायदे अधिक कडक करावेत, अशी मागणी वारंवार होते आणि ती ऐकून सज्जनांच्या माना सहज डोलतात. माणूस विकणाऱ्यावर दया करा, असे कोण म्हणेल? परंतु कडक म्हणजे काय, हा विचार मात्र राहून जातो. शिक्षेची वर्षे वाढविणे हा कडकपणाचा सर्वांत सोपा अर्थ आहे. आणि आमच्या मते तोच सर्वांत निरुपयोगी आहे.

शिक्षा आज कमी नाहीत. राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार यांना १९५० मध्येच बंदी केली. ज्या घटनासमितीने तो अनुच्छेद संमत केला, तिचे अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे दोघेही सदस्य होते. तेव्हा त्या वचनात वऱ्हाडाचाही वाटा आहे. पुढे अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा १९५६ मध्ये आला, वेठबिगार नष्ट करणारा १९७६ मध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ तर एका व्यक्तीच्या व्यापारास किमान ७ वर्षे, बालकाच्या व्यापारास किमान १० वर्षे आणि एकाहून अधिक बालके असल्यास किमान १४ वर्षे सक्तमजुरी सांगते. वरची मर्यादा जन्मठेपेपर्यंत जाते. याहून जड दंड शोधावयाचा म्हटला तर फाशीच उरते. त्या वाटेचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. स्त्रियांवरील अत्याचारांस फाशीपर्यंत शिक्षा सांगणारे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केले. पण त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा होऊ शकले नाही. गर्जना मोठी झाली, पाऊस पडला नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतून कोरकू कुटुंबे पोटासाठी घर सोडतात आणि होळीला परततात. डोंगर उतरून परतवाडा, तेथून बडनेरा किंवा अकोला, आणि पुढे आगगाडी नेईल तिकडे. या प्रवासात गुन्हा नाही. पोट भरण्यासाठी परमुलखी जाणे हा नागरिकाचा हक्कच आहे. गुन्ह्याचे बीज असते ते मुकादमाने आधी हाती ठेवलेल्या उचलीत. उचल फिटेपर्यंत काम, कामाचा हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही वाचण्याइतके अक्षरज्ञान मजुराजवळ नाही, असे घडले की चालत गेलेला माणूस बांधला जातो. मुलीच्या बाबतीत हीच उचल कधी लग्नाचे, कधी शहरातील घरकामाचे रूप घेते. वास्तविक १९७६ चा कायदा स्पष्ट सांगतो की, कर्ज वेठीचे आहे असे मजूर म्हणाला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असावी, असेही तो सांगतो. परंतु समिती कागदावर असून बसली नाही, तर जाब कोणाला विचारावा?

कायद्याची धार वाढवून जाणणारा हात मात्र तोच राहिला तर काय होते, हेही आपल्या शेजारी दिसले. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे गाडीतून बिहारमधील ५९ मुलांना भुसावळ व मनमाड येथे उतरविण्यात आले. सोबतच्या पाच जणांवर मनुष्यव्यापाराचा आरोप येऊन त्यांना काही आठवडे कोठडीत काढावे लागले. मुले मदरशांत शिकावयास निघाली होती. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असे २०२४ मध्ये पोलिसांनीच सांगितले व प्रकरण मिटविले. मुलांची चौकशी करणे योग्यच होते. परंतु चौकशीपूर्वीच निष्कर्ष काढल्याने निरपराधांना यातना झाल्या, आणि खऱ्या दलालाचे त्यामुळे एका पैशाचेही नुकसान झाले नाही.

मग राज्याने करावे काय? पहिले, माणसे नेणाऱ्या मुकादमाची व नोकऱ्या लावणाऱ्या दलालाची सक्तीची नोंदणी. शेजारच्या छत्तीसगढने खाजगी नोकरी-संस्थांवर नियंत्रण आणणारा कायदा २०१३ मध्ये केला, झारखंडने २०१६ मध्ये. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला खरा. पण मंडळ कल्याण पाहते, दलालाची वही तपासत नाही. कोणाला, कोठे, किती उचलीवर नेले, याचा कागद ग्रामपंचायतीत ठेवल्याविना कोणासही नेता येऊ नये. दुसरे, कलम १४३ मधील शोषणाच्या व्याख्येत गुलामगिरी, दास्य, भीक मागविणे ही नावे आहेत. सक्तीची मजुरी हे नाव नाही. ते घालण्यासाठी राज्याने दुरुस्ती करावी. शक्ती विधेयकास अडलेली राष्ट्रपतींची संमती अशा साध्या शब्दास अडण्याचे कारण दिसत नाही. तिसरे, सुटून आलेल्याचे पुनर्वसन खटल्याच्या निकालावर टांगून ठेवू नये. खटला वर्षानुवर्षे चालतो, भूक तेवढी थांबत नाही. आणि रिकाम्या हाताने परतलेली मुलगी पुन्हा त्याच दलालाच्या दारी जाते. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, दक्षता समितीची बैठक न घेणाऱ्या, तक्रार मुदतीत न नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यास त्याच कायद्याने उत्तरदायी धरावे.

चौथी सूचना सरकारी कचेऱ्यांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. गुन्हेगाराची शिक्षा वाढविण्यास सरकारला काही खर्च येत नाही; स्वतःवर बंधन घालून घेण्यास येतो. परंतु नागपूरच्या अधिवेशनात वऱ्हाडच्या आमदारांनी मागावयाचे असेल, तर हेच बंधन मागावे. दलालास जन्मठेपेची भीती फारशी वाटत नाही, कारण तिथवर आपण पोहोचणार नाही अशी त्याची खात्री असते. ती खात्री त्याला आपल्याच कारभाराच्या ढिलाईने दिली आहे. ती काढून घेणारा कायदाच कडक म्हणविण्यास पात्र ठरेल.