छातीत कळ नाही, म्हणून हृदय ठीक?

नांदेड-लातूरकडे शुगर असलेल्या माणसाला हृदयाचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "छातीत कधी कळ आली नाही, मला काही नाही." हे म्हणणं अगदीच निराधार नाही. हृदयाला रक्त कमी पडलं की बहुतेकांची छाती दाटते, कळ हातात उतरते. पण जुन्या मधुमेहात नेमका हाच इशारा भरवशाचा राहत नाही. पायातली चप्पल निसटली तरी ज्याला कळत नाही, असा माणूस आपल्याकडे घरोघरी सापडेल. साखरेने जशा त्याच्या पायाच्या नसा बधिर होतात, तशाच हृदयाच्या वेदना पोहोचवणाऱ्याही होतात. मग झटका येतो तो कधी नुसता घाम फुटून, कधी चार पावलांत दम लागून, कधी मळमळ होऊन. घरचे पित्त म्हणून सोडा पाजतात आणि मोलाचे तास हातचे जातात.

दुसरा दावा काटकपणाचा: रानात राबणाऱ्याला कसला हार्ट अटॅक? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे संशोधन करून दाखवलं आहे की सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असतं. अंगकाठीवर विसंबण्यात अर्थ नाही.

सर्वांत घातक समज तिसरा. साखर नॉर्मल आली, मग बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? कारण मधुमेह हा रक्तवाहिन्यांचाही आजार आहे. धमनीचं आतलं अस्तर बिघडतं, चरबीचे थर साचतात, आणि तेही एका जागी नाही, अनेक धमन्यांत लांबवर. म्हणूनच अनेक धमन्या अरुंद झालेल्या मधुमेहींना स्टेंटपेक्षा बायपास अधिक तारते, असं २०१२ साली १,९०० रुग्णांच्या 'फ्रीडम' चाचणीत दिसलं. त्याआधी, २००३ साली, डेन्मार्कमधल्या 'स्टेनो-२' अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. १६० मधुमेहींपैकी ज्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर एकत्र कसून उपचार झाले, त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांचे आघात जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा साखरेचा एकच आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. बाकीच्या गोळ्या मनाने सोडू नका, आणि तंबाखू मात्र सोडाच. घरातल्या बायकांची मिश्रीसुद्धा त्यात आली.

घरात शुगरचा रुग्ण असेल आणि विनाकारण घाम फुटला, दम लागला, तर सोड्याची बाटली शोधत बसू नका. नांदेडकरांनी विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय गाठावं, लातूरकरांनी विलासराव देशमुख संस्थेचं, किंवा जे सर्वांत जवळ असेल ते. डॉक्टरांना आधी शुगर असल्याचं सांगा. पहिला ईसीजी चांगला आला तरी लगेच घरी निघू नका. त्यांनी थांबवलं तर थांबा आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी होऊ द्या.