संगणकाचा पहिला धडा कोणत्या भाषेत?

संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी शाळांत २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून, अगदी बालवाडीपासून बारावीपर्यंत, कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय शिकविण्यास प्रारंभ झाला. याच विषयासाठी त्या देशाने २०१७ साली स्वतंत्र राज्यमंत्री नेमला होता. दुबई-अबूधाबीला नोकरीशिक्षणासाठी जाणारी मुले आमच्या बेटावरही आहेत. तेव्हा या बातमीचे येथे कौतुक होणे स्वाभाविक आहे.

परंतु शिकविण्याच्या धंद्यातल्या माणसांना त्याहून अधिक कुतूहल वाटते ते तेथील महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या वर्गाचे. अल ऐन येथील विद्यापीठ १९७६ चे, हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी १९८८ ची आणि झायेद विद्यापीठ १९९८ चे. देशाच्या राज्यघटनेप्रमाणे राजभाषा अरबी. पण या संस्थांत विज्ञान, अभियांत्रिकी व संगणक हे विषय मुख्यत्वे इंग्रजीतून शिकविले जातात. अरबीतून शाळा शिकलेल्या मुलामुलींना कित्येक वर्षे पदवीच्या आधी इंग्रजीची वेगळी तयारी करावी लागे. ती करून विद्यार्थी प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासाला बसतो, तेव्हा पुस्तक इंग्रजी, आज्ञा इंग्रजी, आणि चूक झाली की पडद्यावर उमटणारी तक्रारही इंग्रजी. पुष्कळदा समोरचा अध्यापकही परदेशातून आलेला.

नुसत्या शब्दांचा प्रश्न असता तर कोश उघडून भागले असते. अरबी शाळेत बीजगणिताची समीकरणे उजवीकडून डावीकडे लिहिण्याची रीत आहे. अज्ञात राशीला ‘सीन’ किंवा ‘साद’ ही अक्षरे वापरतात. इकडे सारे डावीकडून उजवीकडे. त्यात बरोबरीच्या चिन्हाचा घोटाळा, आणि तो जगातल्या सर्वच मुलांचा! ‘क्ष = क्ष + १’ असे गणिताच्या वहीत लिहिले तर गुरुजी लाल रेघ मारतील. प्रोग्रॅममध्ये मात्र ते रोजचेच वाक्य आहे. तेथे त्या चिन्हाचा अर्थ ‘दोन्ही बाजू सारख्या’ असा नसून ‘उजवीकडचा हिशेब कर आणि उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेव’ असा आहे. हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो मुलगा मठ्ठ नसूनही मठ्ठ ठरतो.

असे ठरणारे थोडे नाहीत. २००१ साली निरनिराळ्या देशांतील चार विद्यापीठांत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमातून गेलेल्या २१६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण पडले २३ हून कमी. २००७ साली बेनेडसन व कॅस्पर्सन या डेन्मार्कच्या दोघा अध्यापकांनी अनेक देशांतील महाविद्यालयांकडून आकडे मागविले. या पहिल्या अभ्यासक्रमात शंभरांतले सुमारे ६७ पार पडतात असे निघाले. उरलेल्या तेहतिसांत इंग्रजी ज्यांची मायबोली आहे असेही असणार. मग ज्यांची नाही, त्यांच्या डोक्यावर दोन ओझी.

येथे आम्हांस आपल्या मराठीकडे पाहावेसे वाटते. स्वयंपाकघरातील डबा घ्या. झाकणावर नाव ‘साखर’, पण आईने त्यात तुरीची डाळ भरली आहे. नाव तेच, आतला जिन्नस बदलतो. प्रोग्रॅममधील ‘व्हेरिएबल’ म्हणजे असा डबा. ‘क्षच्या डब्यात पाच ठेव’ या मराठी वाक्यात डबा आधी येतो, जिन्नस नंतर, आणि क्रिया शेवटी. प्रोग्रॅमच्या ओळीतही डावीकडे आधी डबा आणि मग जिन्नस. इंग्रजी वाक्यात आधी पाच येतात आणि डबा मागून.

‘इफ’चे तसेच. आपण नुसते ‘जर’ म्हणून थांबत नाही. ‘तर’ आल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि पुढे ‘नाहीतर’ तयारच असते. अट कोठे संपली आणि काम कोठे सुरू झाले, हे ‘तर’ दाखवितो. पायथॉन या हल्लीच्या आवडत्या प्रोग्रॅमिंग भाषेत हे काम ‘इफ’च्या ओळीशेवटी दोन टिंबे करतात, आणि नवखी मुले नेमकी तीच विसरतात. ‘तर’ची जागा म्हणून टिंबे शिकविली, तर लक्षात राहतील. ‘व्हाइल’ म्हणजे ‘जोपर्यंत–तोपर्यंत’. येथे मात्र शिक्षकाने सावध असावे. ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत बसा’ असे आपण म्हणतो. त्यातला ‘नाही’ प्रोग्रॅममध्ये गाळला, की काम अगदी उलटे होते.

अरबीलाही अशी शिदोरी आहे. ‘जर’साठी त्या भाषेत वेगवेगळे शब्द: घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी ‘इधा’ आणि नुसत्या कल्पनेसाठी ‘लौ’. संगणकाला अरबी शब्द ‘हासूब’, आणि आपला ‘हिशेब’ त्याच धातूतून आलेला. ‘अल्गोरिदम’ हा शब्द तर नवव्या शतकात बगदादला राहून भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून पडला. अल ऐनच्या विद्यार्थ्यापुढे तो परक्या वेषात उभा राहतो, याला काय म्हणावे!

कोणी म्हणेल, मग आज्ञाच मायबोलीत कराव्या. तोही प्रयोग झाला आहे. रॅम्झी नासिर या लेबनॉनी वंशाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २०१२ च्या सुमारास ‘कल्ब’ नावाची, संपूर्ण अरबी शब्दांची प्रोग्रॅमिंग भाषा रचली. तिच्यातून मुख्यतः दिसले ते हे, की प्रोग्रॅम लिहिण्याची जगातील साधने अरबी लिपीला किती अडखळतात. आमची मागणी तशी नाही. आज्ञा इंग्रजीच असू द्याव्या, त्या मोजक्या शब्दांच्या असतात. त्यांचा अर्थ मात्र मुलाला ज्या भाषेत स्वप्ने पडतात त्या भाषेत फोडून सांगावा.

आमच्या बेटावर हा प्रश्न अधिकच गुंतलेला आहे. मूल क्रिओल बोलते, वर्तमानपत्र फ्रेंच वाचते, परीक्षा इंग्रजीत देते आणि मराठीच्या तासाला मराठी शिकते. केंब्रिजच्या परीक्षेतील छद्म-प्रोग्रॅममध्ये बरोबरीच्या चिन्हाऐवजी डावीकडे वळलेला बाण वापरतात, ही शहाणपणाची गोष्ट. पण तो बाण वर्गात क्रिओलमध्ये समजावून देण्यास अनेक शिक्षक संकोचतात, जणू त्याने विषयाची प्रतिष्ठा जाईल. आणि मराठीच्या शिक्षकाला तर आपल्या ‘जर–तर’चा संगणकाच्या खोलीशी काही संबंध आहे याची कल्पनाच नसते.

पालकांची शंका आम्हांस ठाऊक आहे: दुबईत नोकरी इंग्रजीवर मिळते, क्रिओल-मराठीवर नाही. खरे आहे. इंग्रजी पक्के हवेच. आमचे म्हणणे पहिल्या महिन्यापुरते आहे, जेव्हा मुलाला यंत्र कसे वागते हे कळायचे असते. २०२२ च्या अखेरीपासून प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे घरोघर आली आहेत. त्यांनी लिहिलेले मुले डोळे मिटून उतरवितात. ओळीओळीने वाचून कोणत्या डब्यात केव्हा काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला यंत्राची चूक कशी दिसणार?

मोका येथील महात्मा गांधी संस्था आणि रेद्वी येथील शिक्षणशास्त्र संस्था या दोन्हींत शिक्षक घडविले जातात. मराठीचे व संगणकाचे शिक्षक तेथे दोन दुपारी एकत्र बसवून पहिल्या दहा धड्यांची मराठी व क्रिओल टिपणे तयार करता येतील. पहिले दोन आठवडे संगणकाला हातही लावू नये. फळ्यावर चौकटी काढून मुलांकडून एकेक ओळ चालवून घ्यावी. ज्या शाळांना असा वर्ग करून पाहावयाचा असेल, त्यांनी या पानाकडे कळवावे. टिपणांचा आरंभ आम्ही ‘जर–तर–नाहीतर’पासून करू.