मळेवाल्याची भरपाई आणि मजुराचा खाडा

वाचकहो, ज्यांचें मूळ गांव आपल्याच जिल्ह्यांतील कटगुण, त्या जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहून तें पुस्तक अमेरिकेंतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. सातासमुद्रापलीकडील गुलामाचें दुःख त्यांस परकें वाटलें नाहीं. पण त्या गुलामांस राबविणारा मळेवाला कसा होता, हें आपल्या घरोघरीं कळलेलें नाहीं. म्हणून हे चार शब्द.

१८३३ सालीं इंग्रजांच्या पार्लमेंटानें गुलामी बंद करण्याचा कायदा केला व दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती कोणास मिळाली? पाठीवर चाबूक खाणाऱ्यास नव्हे, चाबूक मारणाऱ्यास! गुलामाच्या पदरांत दमडीहि पडली नाहीं. उलट 'उमेदवार' हें गोंडस नांव देऊन त्याला आणखी कांहीं वर्षें त्याच धन्याकडे फुकट राबविलें. चोराला बक्षीस आणि ज्याचें घर फुटलें त्याला बेडी, असा हा न्याय!

गुलाम सुटतांच मॉरिशसच्या ऊंसवाल्यांनीं हिंदुस्थानकडे मोर्चा वळविला. १८३४ पासून पुढें सुमारें साडेचार लाख माणसें करारानें त्या बेटांत नेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले आपले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आजहि तेथें आहेत. पांच वर्षांचा करार, महिना पांच रुपये, आणि एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा! साखळी गेली, तिच्या जागीं कागद आला.

आतां आपल्या बांधावर पाहूं. नीरेच्या कालव्यानें फलटणच्या रानांत ऊंस आला. तो तोडावयास दिवाळीच्या सुमारास बीडकडील टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. डोक्यावर मुकादमाची उचल. आणि ताप आला तरी 'खाडा' धरून दंड! मॉरिशसची दुहेरी काट आणि हा खाडा यांत फरक काय? काम बुडूं नये म्हणून बीड जिल्ह्यांतील बायांनीं गर्भपिशव्या काढून घेतल्याचें प्रकरण २०१९ सालीं विधिमंडळांत गाजलें. वेठबिगारीबंदीचा कायदा तर १९७६ चाच आहे!

कोणी म्हणेल, मजूर आपखुषीनें येतो, अंगठा त्यानेंच उठविला. मॉरिशसचा मळेवालाहि हेंच म्हणत होता. पोट पाठीला लागलेल्याची खुषी ती काय! दुसरा म्हणेल, आम्ही दोन एकरांचे धनी, खाडा लावतो मुकादम. खरें, पण ऊंस कोणाचा? आपल्या फडांत होणारा अन्याय आपण मुकाट्यानें पाहिला, तर आपणहि लहानसे मळेवालेच ठरतों.

तेव्हां शेतकरी बंधूंनो, कारखान्याच्या सभेंत उभे राहून मागा : आजारपण व बाळंतपण यांस खाडा नको; उचलीचा हिशेब लेखी द्या; बाईची मजुरी बाईच्या हातीं द्या; पोरांना शाळा द्या. ज्याला स्वतःच्या घामाचा भाव हवा, त्यानें दुसऱ्याच्या घामाचा भाव आधीं द्यावा.