पलटणीतून आलेली पत्रे

युद्ध संपले की शिपाई घरी येतो, अशी आपली साधी समजूत असते. १९४५ साली घरोघरी वाट पाहणाऱ्यांचीही तीच होती. १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली, २ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. परंतु हिंदी लष्करातील लक्षावधी शिपाई त्यानंतर कित्येक महिने जिथे होते तिथेच राहिले. पंचवीस लाखांच्या घरात गेलेले ते लष्कर एका दिवसात मोकळे होणारे नव्हते. जहाजे अपुरी होती, कोणाला केव्हा सोडायचे याचे क्रम ठरत होते आणि दूरदूरच्या मुलखांत बंदोबस्त ठेवण्यासाठी सरकारला माणसे हवीच होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी तर युद्ध संपल्यानंतर जावा बेटावरील सुराबाया शहरात उतरवल्या गेल्या. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जी लढाई पेटली, तीत जगाच्या दृष्टीने शांतता झाल्यावर माणसे मेली. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत उतरलेली महार रेजिमेंटची दुसरी पलटण युद्धानंतर इराकमध्ये होती.

या थांबलेल्या महिन्यांत शिपायांनी घरी पाठवलेल्या पत्रांविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे. शाळेच्या स्मरणिकेत पलटणीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते तो शाळेचाच विषय आहे. तो कसा, ते पुढे येईल.

आपल्या समाजात शिपाईगिरीची आठवण निघाली की ती कोरेगावच्या स्तंभापाशी जाते. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे दिलेली भेट, हे लहान मुलालाही पाठ असते आणि असावे. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढे रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्यावरही तोच स्तंभ होता. पण स्तंभावर शौर्य कोरता येते, वाट पाहणे कोरता येत नाही. युद्धात गेलेल्या माणसाच्या आयुष्यातील फार मोठा काळ वाट पाहण्यातच जातो: हुकुमाची, शिध्याची, टपालाची, सुटीची आणि अखेरीस जहाजाची. त्या काळाचा पुरावा फक्त पत्रांत असतो. तो आपण जपला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या माणसांच्या त्या प्रतीक्षेत एक वेगळा पेच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायत सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा कुठे १९१७ साली १११ वी महार पलटण निघाली, आणि युद्धाची गरज सरताच १९२१ मध्ये तीही मोडली गेली. पुढची वीस वर्षे दार बंदच होते. सुभेदार रामजींच्या घरात वाढलेल्या बाबासाहेबांना या दाराची किंमत ठाऊक होती. १९४१ मध्ये ते पुन्हा उघडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

म्हणजे १९४५ साली छावणीत बसलेल्या शिपायामागे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट उभी होती: मागचे युद्ध संपले तेव्हा पलटणही संपली. त्याला घरी जायचे होते, पण घरी जाणे म्हणजे काय याचाही विचार करावा लागत होता. पलटणीत एका पंगतीला बसून जेवण, अंगावर स्वच्छ गणवेश, महिन्याला ठरलेला पगार, हजेरीत सन्मानाने घेतलेले नाव. गावात वेगळा पाणवठा आणि महारकीची कामे. गणवेश उतरवून गावाच्या वेशीतून आत जायचे तर ते कोण म्हणून जायचे? १९४६ साली पंचविसावी महार पलटण खरोखरच मोडली. तिच्यातील बरीच माणसे उरलेल्या तीन पलटणींत सामावली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेजिमेंट मशिनगन रेजिमेंट झाली आणि १९४७ मध्ये तिच्या पलटणी फाळणीच्या पंजाबात निर्वासितांच्या तांड्यांना सोबत करीत होत्या. जे राहिले त्यांचे घरी येणे असे आणखी लांबले. दुसऱ्या कोणा शिपायाची चिंता ‘केव्हा सुटणार’ एवढीच असेल. आपल्या माणसाला ‘सुटून काय होणार’ हेही विचारावे लागत होते.

आता त्या पत्रांकडे पाहावे. पत्रावर गावाचे नाव नसे, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असे. बसऱ्यात बसलेल्या माणसाला ‘मी बसऱ्यात आहे’ असे लिहिण्याची मुभा नसे. अनेकांना लिहिता येत नव्हते; ते पलटणीतल्या लिहित्या सोबत्याला मजकूर सांगत. लष्कराच्या शिक्षणवर्गांत जी अक्षरे शिकवली जात ती रोमन लिपीतली उर्दू असे. वऱ्हाडातल्या माणसाने आयुष्यातली पहिली अक्षरे गिरवावीत आणि त्या अक्षरांत आपली मायबोली नसावी, हा प्रकार आम्हांला कधी विनोदी वाटतो, कधी नाही. सांगितलेले पत्र अधिकारी तपासत, मग ते टपालात पडे. पैसे मनिऑर्डरने येत आणि तिच्या कुपनावर चार ओळींची जागा असे. पुष्कळ घरांत पत्र म्हणून जे आले ते तेवढेच.

या टोकाला महागावसारखे ठिकाण. पैनगंगेच्या खोऱ्यातील गावे, पलीकडे निजामाचा मुलूख, रेल्वे थेट यवतमाळला. टपालवाला आठवड्यात केव्हा येई याचा नेम नसे. पत्र ज्या घरी येई त्या घरात बहुधा कोणालाच वाचता येत नसे. मग ते घेऊन गावातल्या मास्तरांकडे, नाहीतर लिहित्या-वाचत्या एखाद्या कारभाऱ्याकडे जायचे, ओट्याच्या खाली उभे राहायचे आणि त्यांच्या सवडीने ते ऐकायचे. नवऱ्याचे पत्र बायकोने परक्या माणसाच्या तोंडून, चारचौघांदेखत ऐकायचे. उत्तरही त्यालाच सांगायचे. अशा वेळी ती काय सांगणार? पोरे बरी आहेत, म्हातारी बरी आहे, पैसे पोचले, केव्हा येता. तिच्या मनात आणखी जे होते ते कोणत्याच कागदावर उतरले नाही.

शिपायाच्या बाजूला पत्र तपासणारा अधिकारी होता आणि घरच्या बाजूला ओट्यावरचा वाचक. दोघांमधून जेवढे गळून जाईल तेवढे पोचे. आपल्या वसतिगृहातील मुलांना हे चटकन कळेल. पहिल्या वर्षी आम्हीही घरी पोस्टकार्डे लिहिली आहेत. ‘मी येथे खुशाल आहे’ यापलीकडे त्यांत काही नसे. रात्री रडू आले हे आम्ही लिहीत नसू, कारण पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचते. आई-वडिलांना ते वाचून दाखवणारा शेजारी तर नक्कीच वाचतो.

शिपायांच्या पत्रांची खरी शोकांतिका दप्तरखान्यांत दिसते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे तपासण्यासाठी इंग्रजांनी स्वतंत्र कचेरी उघडली होती. तिथे पत्रे वाचून त्यांतील निवडक भाग इंग्रजीत उतरवले जात आणि मूळ पत्र बहुधा पुढे घरी रवाना होई. दुसऱ्या महायुद्धातही तपासनिसांचे पाक्षिक अहवाल निघत. फौजेची मनःस्थिती काय आहे, हे सरकारला जाणायचे होते, एवढाच त्यांचा हेतू. आज ते इंग्रजी उतारे लंडनच्या ग्रंथालयांत नीट बांधून ठेवलेले आहेत; अभ्यासक त्यांवर ग्रंथ लिहितात. डेव्हिड ओमिसी यांनी पहिल्या महायुद्धातील शेकडो पत्रे संपादित करून १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत फ्रान्समधल्या शिकलेल्या बायका पाहून चकित झालेले आणि ‘आपल्या मुलींना शिकवा’ असे घरी कळवणारे शिपाई भेटतात. मूळ पत्र मात्र घरी गेले आणि घरीच नाहीसे झाले. ज्याने पाळत ठेवली त्याच्याकडे नक्कल राहिली, ज्याच्यासाठी लिहिले त्याच्याकडे काही राहिले नाही. याचा दोष आम्ही फक्त इंग्रजांना देणार नाही.

त्या वेळच्या जगाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अमेरिकेतही १९४५-४६ च्या हिवाळ्यात शिपाई परतीची वाट पाहत होते. त्यांच्या बायकांनी लोकप्रतिनिधींवर पत्रांचा वर्षाव केला, तान्ह्या मुलांचे बूटसुद्धा टपालाने पाठवले आणि मनिलात शिपायांनी उघड निदर्शने केली. त्यांच्या पत्रांना ऐकणारे सभागृह होते. आपल्याकडे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी जे बंड केले, त्यांच्या मागण्यांत शिपायांची लवकर मुक्तता आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे, हीही कलमे होती. ज्यांचे पत्र कोणी ऐकत नाही त्यांना अखेर बंडाची भाषा बोलावी लागली.

आणि याच महिन्यांत बाबासाहेब काय करीत होते? ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पलटणीचे दार उघडून देणाऱ्या माणसाने त्या दारावर सर्वस्व टाकले नाही. शिपाई परतायच्या आत त्याने दुसरे दार उघडले. ओट्याखाली उभे राहून पत्र ऐकणाऱ्या बाईच्या नातवंडांनी स्वतः वाचावे, यासाठीच पुढे गावोगाव वसतिगृहे निघाली. आपली शाळा त्याच वंशातली आहे. म्हणून हा विषय शाळेचा.

म्हणून शाळेने एक काम हाती घ्यावे असे आम्ही सुचवतो. महागाव, उमरखेड, पुसद, दिग्रस या भागातील ज्या घरांतून कोणी पलटणीत, पायोनियर तुकडीत वा लष्करी कारखान्यात गेले असेल, त्या घरांतील पत्रे, मनिऑर्डरची कुपने, सुटकेचे दाखले, पदके यांची नोंद येथे व्हावी. जुन्या घरांत आलेले टपाल वाकवलेल्या तारेला टोचून आढ्याला लटकवण्याची पद्धत होती. त्या तारा घर पाडताना थेट चुलीत गेल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. जे उरले आहे ते ट्रंकेत, बुद्धप्रतिमेच्या मागे किंवा पेन्शनच्या कागदांत असते. एका स्मारकाला लागणाऱ्या वर्गणीच्या शंभराव्या हिश्श्यात हे काम होईल. आम्ही स्मारकांच्या विरोधात नाही, पण पुतळा पुढच्या वर्षीही उभारता येईल. भिजलेला कागद पुढच्या वर्षीपर्यंत थांबणार नाही.

‘आमच्या घरात तसले काही नाही’ हे उत्तर आम्हांला अनेकदा मिळाले आहे आणि ते बहुधा घाईचे असते. १९४५ साली पाच-सात वर्षांची असलेली माणसे आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. बापाचे पत्र कोणीतरी वाचत असताना आईच्या पदराआड उभे राहिलेले ते शेवटचे साक्षीदार आहेत. कागद नसला तरी त्यांचे सांगणे लिहून घ्यावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सुटीत हेच काम द्यावे. निबंधाच्या वहीपेक्षा ते बरे.

पत्रे आणणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. घडी जोराने उघडू नये, कागद घडीवरच फाटतो. प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करून घेऊ नये आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. पाकीट टाकू नये: त्यावरच्या शिक्क्यातील फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकावरून पलटण कुठे होती हे काढता येते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेऊन मूळ कागद ज्याचा त्याला परत दिला जाईल. आणि नोंदवहीत पाठवणाऱ्याचे नाव लिहाल तेव्हा शेजारच्या रकान्यात, ते पत्र घरी आल्यावर कोणी वाचून दाखवले होते, तेही आठवून लिहावे.