तटाबाहेरचें आविला

स्पेन पाहून आलेल्या मंडळींकडून आविला शहराचें वर्णन ऐकण्याचा योग हल्लीं अनेकदां येतो, व तें बहुधा एकाच साच्याचें असतें. अडीच किलोमीटर घेराचा तट, सुमारें बारा मीटर उंची, ८७ बुरूज, नऊ दरवाजे, आणि आदाखा नदीपलीकडील चार खांबांच्या चौथऱ्यापासून घेतलेलें एक छायाचित्र! एवढें झालें म्हणजे आविला 'पाहून' झालें. तट म्हणजेच शहर ही समजूत केवळ अपुरी नव्हे, तर इतिहासाचा विपर्यास करणारी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तटाच्या भव्यतेस उणेपणा आणण्याचा आमचा हेतु नाहीं. बाराव्या शतकांतील इतका सलग तट युरोपांत क्वचितच आढळेल. परंतु युनेस्कोनें १९८५ सालीं हें शहर जागतिक वारशांत घेतलें तें 'आविलाचें जुनें शहर व तटाबाहेरील चर्चें' या नांवानें. त्याचा उत्तरार्ध आमचे प्रवासी खुशाल विसरतात. वसईच्या कोटांत चर्चें तटाच्या आंत पाहण्याची ज्यांस संवय, त्यांनीं तर हा भेद विशेष ध्यानांत घ्यावा. सान विसेंते, सान पेद्रो, सान आंद्रेस, सान सेगुंदो हीं जुनीं चर्चें तटाबाहेर उभीं आहेत. कारण लोक तेथें राहत होते. सान पेद्रोसमोरच्या चौकांत तर शहराचा मोठा बाजार भरे.

कोणी म्हणेल, मुख्य चर्च तर तटाच्या आंतच आहे ना? आहे खरें, पण त्याचा मागचा अर्धगोल भाग तटाचाच एक बुरूज होऊन बसला आहे. तटाच्या आश्रयास गेलेल्या देवालयास चिलखत चढवावें लागलें, एवढाच त्याचा अर्थ!

तट एकच गोष्ट सांगतो: शत्रु बाहेर आहे. या शहरानें आपल्याच माणसांशीं कसें वर्तन केलें, हें मात्र तटाबाहेरील देवालयांस विचारावें लागतें. सान विसेंतेमधील तीन हुतात्म्यांच्या समाधीवर एक दंतकथा कोरलेली आहे. हुतात्म्यांच्या प्रेतांचा उपहास करूं पाहणाऱ्या एका यहुद्यास सर्पानें विळखा घातला. त्यानें ख्रिस्ताचा धांवा केला, आणि सुटका होतांच कृतज्ञतेनें तें चर्च बांधलें! आतां थोडें दूर सांतो तोमासच्या मठांत चला. १४९३ सालीं पूर्ण झालेल्या या मठास इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठानें जप्त केलेल्या मालमत्तेंतून पैसा मिळाला. राजपुत्र ह्वानच्या संगमरवरी समाधीची वाहवा येथें सर्वच करतात. परंतु त्या न्यायपीठाचा प्रमुख तोर्केमादा हाही १४९८ सालीं येथेंच पुरला गेला, याचा उच्चार किती जण करतात? १४९१ सालीं एका ख्रिस्ती बालकाच्या हत्येचा आरोप ठेवून यहुदी व धर्मांतरित यहुदी यांस आविला येथें जाळण्यांत आलें, आणि पुढच्याच वर्षीं यहुद्यांस देश सोडावा लागला. दंतकथेंतला यहुदी आपखुशीनें चर्च बांधतो; इतिहासांतल्या यहुद्याकडून काय घेतलें गेलें, तें सांतो तोमास सांगतें. या जुलमापासून रक्षण करणारा कोणता बुरूज त्या ८७ बुरुजांत होता?

ज्या साध्वी तेरेसामुळें शहराचें नांव जगभर झालें, तिचेंच पाहा. तिचा आजा यहुदी आचार पाळल्यावरून १४८५ सालीं तोलेदो येथें दंडित झाला होता. १५१५ सालीं जन्मलेली तेरेसा १५३५ सालीं संन्यासिनी होण्यास गेली तो एन्कार्नासिओनचा मठ तटाबाहेर. तिनें १५६२ सालीं स्वतः स्थापिलेला सान होसेचा मठही तटाबाहेरच. भिक्षेवर चालणारा मठ नको म्हणून नगरसभेनें त्यास कसून विरोध केला. आज तेंच शहर तिच्या नांवावर मिरवतें!

तेव्हां आविला पाहण्यास जाणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच: तटावरून अवश्य चाला, पण तेवढ्यावर समाधान मानूं नका. आधीं सांतो तोमास पाहा, मग सान विसेंते, मग सान होसे, आणि शेवटीं तट. मग तो लहान दिसणार नाहीं. मात्र त्यानें कोणाचें रक्षण केलें, हा प्रश्न विचारल्यावांचून तुम्हांस परततां येणार नाहीं.