लेक व्ह्यू, विथ फ्लेमिंगो!

माझी एक मैत्रीण सध्या घर शोधतेय. बजेट नवी मुंबईचं, स्वप्नं मरिन ड्राइव्हची! परवा तिने एक ब्रोशर माझ्यापुढे टाकलं. टू बीएचके, ऐसपैस बाल्कनी, समोर तळं आणि तळ्यात गुलाबी फ्लेमिंगो. 'अगं, व्ह्यूचे वेगळे पैसे मागतायत!' मी म्हटलं, मग टोकन देण्याआधी शेजारी तरी बघून घेऊ.

सो, फेब्रुवारीतल्या एका मस्त, गार रविवारी आम्ही दोघी ऐरोलीत. इथे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत बोट निघते. टायमिंग मात्र आपल्या सोयीचं नाही, भरती-ओहोटीच्या सोयीचं.

ऐरोलीचा पूल मी असाइनमेंट्सच्या नादात शेकडो वेळा ओलांडलाय. खाडीबद्दलचं ज्ञान एवढंच, की वास आला की काच वर करायची. आणि आता? चिखलात बोटभर निवट्या टुणटुण उड्या मारतायत. मासा असून चिखलावर चालतात, बोला! शेजारी इवलेसे खेकडे, एक नांगी भलीमोठी, ती सारखी हलवतायत. ही मोठी नांगी फक्त नरांना असते, इम्प्रेशन मारायला. (ओळखीचं वाटतंय ना?) खारफुटीची मुळं तर पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली, श्वास घ्यायला.

मग बोट पुढे गेली आणि आमची बडबड बंदच झाली. उघड्या पडलेल्या चिखलावर गुलाबी रेघ. जवळ गेल्यावर कळलं, रेघ चालतेय! माना खाली, चोची उलट्या, ब्रेकफास्ट चालू. खाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातूनच त्यांना तो गुलाबी रंग मिळतो. मागे उंच टॉवर्स, वर विजेच्या तारा आणि मध्ये हे पाहुणे. २०१५ मध्ये या खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. आपण मात्र काच वर करून बसलेलो.

परतताना मैत्रिणीने एकदम बेसिक प्रश्न विचारला. 'भरती आली की हे उभे कुठे राहतात?' उत्तर ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला, की हे थवे नेरुळ-सीवूड्सच्या उथळ पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात. म्हणजे त्यांनाही दोन घरं लागतात. ओहोटीचं आणि भरतीचं. पैकी एक गेलं, तर दुसरं असून उपयोग नाही.

आणि हे दुसरं घर फार नाजूक आहे. नेरुळच्या डीपीएस तलावात २०२४ मध्ये भरतीचं पाणी आत येईनासं झालं, तलाव कोरडा पडत गेला. त्या उन्हाळ्यात तिथे मेलेले फ्लेमिंगोही सापडले. त्यासाठी तलावात भराव टाकावा लागला नाही. पाण्याची वाट बंद झाली, तेवढं पुरलं.

मैत्रिणीने तिथूनच सेल्सवाल्याला फोन लावला. 'समोरच्या तळ्यात पाणी कुठून येतं?' पलीकडे शांतता. मग, 'मॅडम, क्लब हाउसमध्ये स्विमिंग पूल आहे ना!'

टोकन अजून दिलेलं नाही. कार पार्किंग, मेंटेनन्स, ओसी यांच्या खाली तिने आता नवा प्रश्न लिहिलाय: भरतीच्या पाण्याची वाट उघडी आहे का?

तुम्हीही जाऊन या. फ्लेमिंगो साधारण मेपर्यंत असतात. मळकट रंगाचे कपडे घाला, दुर्बीण घ्या, आवाज कमी ठेवा. आणि येताना पुलावर काच उघडी ठेवा. वास येईल, येऊ दे. त्या वासातच त्यांचा ब्रेकफास्ट आहे!