गाडी कडेला लागली की

गणपतीला गावी निघालेल्या गाड्या पेण, वडखळ, नागोठणे या टप्प्यात मुंगीच्या पावलांनी सरकू लागल्या की इंजिन तापून एखादी कडेला लागतेच. या महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. ते रखडल्याची किंमत मागच्या सीटवरच्या आजी आणि तान्ही बाळं मोजत आली, याचा मला मनापासून राग येतो. तापमानाचा काटा चढू लागला की आधी एसी बंद करा, मग जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन थांबवा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पुरतं निवेपर्यंत उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबामुळे थेट अंगावर उडतं. मागे लांबवर त्रिकोण ठेवा, माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा, १०३३ या राष्ट्रीय महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन लावा. मेकॅनिकला उशीर होणार असेल तर म्हाताऱ्यांना उन्हापावसात ताटकळत ठेवू नका. पेण, नागोठणे, रोहा इथे रेल्वे आहे, कोकण रेल्वे तर रोह्यापासूनच सुरू होते. सणाच्या गर्दीत रेल्वेगाडीत जागा मिळेलच असं नाही, तरी रिक्षाने स्टेशन गाठलं तर त्यांना निदान बसायला बाक आणि डोक्यावर छप्पर मिळतं.